पैठण्यांच्या कप्प्यात लॅव्हेंडर चालेल का?

*बी-२०४:* डांबरगोळ्यांचा वास नकोसा झालाय. पैठण्यांच्या कप्प्यात लॅव्हेंडर ठेवलं तर कसर लागणार नाही ना?

*सी-५०१:* ठेवा, पण एकट्या त्याच्या भरवशावर राहू नका. वासाने कसरीचा पतंग लांब राहतो, आधीच घातलेली अंडी मरत नाहीत. आणि रेशीम खाते ती अळी, पतंग नव्हे. तिला घामाचा, खाण्याचा डाग असलेली जागा आधी सापडते. तेव्हा नेसलेली साडी वाऱ्यावर टाकून, डाग काढूनच आत. कपाटाच्या फटीही व्हॅक्यूमने ओढून घ्या.

*बी-२०४:* कापसावर लॅव्हेंडर तेलाचे थेंब टाकून ठेवू? सोपं पडेल.

*सी-५०१:* अजिबात नको 🙏 बोळा घरंगळून साडीला टेकला की तेलकट डाग पडला, आणि रेशमावरून तो निघता निघत नाही. सुकी फुलं आणा. मलमलची ३ बाय ४ इंचाची पुरचुंडी, आत २ मोठे चमचे फुलं, कप्प्याला एक. दर पंधरवड्याला बोटांनी चुरडायची, म्हणजे वास पुन्हा सुटतो. पावसाळ्यात दाबून बघा: चुरचुर आवाज आला तर ठीक, मऊ लागली तर ओल धरली, बाहेर काढा. नाहीतर कसरीआधी बुरशीच यायची.

*ए-१०३:* वास उडाला की फेकून द्यायची?

*सी-५०१:* लगेच नको. फुलं बरणीत ओता, ३ थेंब तेल टाकून हलवा, झाकण लावून एक दिवस ठेवा. तेल फुलांत मुरलं की पुन्हा पुरचुंडीत. त्यानंतरही वास टिकला नाही तर नवी फुलं.

*ए-३०२:* तेल घेताना बाटलीवर वनस्पतीचं नाव वाचा. 'लॅव्हेंड्युला अंगुस्टिफोलिया' हे खरं लॅव्हेंडर. 'इंटरमीडिया' म्हणजे लॅव्हेंडिन, लॅव्हेंडरची संकरित जात, त्यात कापराचा अंश जास्त. कपाटाला उत्तम, उशीपाशी उग्र. 'फ्रेग्रन्स ऑइल' म्हणजे नुसतं अत्तरी मिश्रण, सोडून द्या. शंका आली तर पांढऱ्या कागदावर एक थेंब टाका. दुसऱ्या दिवशी तेलकट डाग राहिला तर दुसरं तेल मिसळलंय. आपल्याकडे जम्मूतल्या भद्रवाहचं तेलही मिळतं, सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेच्या अरोमा मिशनमधून (सुगंधी पिकांची योजना) तिकडे लागवड वाढली.

*डी-४०४:* फरशी पुसायच्या पाण्यात टाकलं तर वर तवंग येतो. काय चुकतंय?

*ए-३०२:* तेल पाण्यात विरघळत नाही. ५-६ थेंब आधी चमचाभर लिक्विड सोपमध्ये फेटा, मग बादलीत. अंगाला लावायचं असेल तर ३० मिली खोबरेल तेलात ६ थेंब, म्हणजे साधारण १ टक्का. नुसतं लावू नका, पोटात तर घेऊच नका. आणि बाटली उघडी राहिली की हवेने तेल बिघडतं, तेच मग त्वचेला खाज आणतं.

*ए-१०३:* आणि डिफ्यूजरमध्ये, म्हणजे वास हवेत सोडणाऱ्या यंत्रात?

*ए-३०२:* १०० मिली पाण्यात ३-४ थेंब, अर्धा तास, खिडकी किलकिली. घरात मांजर असेल तर लावूच नका, तिच्या यकृताला हे तेल नीट पचवता येत नाही.

*बी-२०४:* बरं. पुरचुंडी साडीच्या घडीत ठेवू की वर?

*सी-५०१:* घडीत नको, जरीला टेकता कामा नये. कप्प्याच्या कोपऱ्यात हूक असेल तर दोऱ्याने टांगा. आणि घडी ३-४ महिन्यांनी बदला हं, लॅव्हेंडर असो वा नसो.