भांडी थंड व ओली निघणे : हीटरच्या आधी व्होल्टेज पाहावे

डिशवॉशरमधून भांडी स्वच्छ निघतात, परंतु थंड आणि ओली असतात, असे आपण लिहिले आहे. त्यातला ‘थंड’ हा शब्द महत्त्वाचा आहे. बहुतेक डिशवॉशर शेवटच्या विसळणीचे पाणी साधारण ६० ते ७० अंशांपर्यंत तापवतात आणि त्याच उष्णतेने स्टीलची भांडी वाळतात. (प्लास्टिकचे डबे ओलेच राहतात, तो दोष नव्हे.) भांडी गरम पण ओली असती, तर केवळ रिन्स एड (भांड्यांवरून पाणी ओघळून जावे म्हणून मशीनमध्ये घालायचे द्रव) तपासायला सांगितले असते.

आमच्याकडे सांगलीत, बोअरच्या जड पाण्यामुळे आणि पाणी मृदू करण्यासाठी मशीनमध्ये घालायचे मीठ भरण्यातील माझ्याच आळसामुळे, हीटरवर क्षार साचून तो जळाला होता. तंत्रज्ञाने मशीनचा प्लग काढून मल्टिमीटर (रोध व व्होल्टेज मोजण्याचे उपकरण) लावला. २००० वॉटच्या चांगल्या हीटरचा रोध सुमारे २६ ओहम भरतो, आमचा अनंत दाखवत होता, म्हणजे आतली तार तुटली होती.

मात्र हीटर बदलण्यापूर्वी संध्याकाळचे व्होल्टेज अवश्य मोजावे, कारण २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळाल्यास हीटरची शक्ती सुमारे ६१ टक्क्यांवर येते. हीटर व व्होल्टेज दोन्ही ठीक असल्यास तापमापक सेन्सर आणि नंतर कंट्रोल बोर्डावरील रिले (हीटर चालू-बंद करणारा स्विच) तपासून घ्यावा.