कॅलिफोर्नियाच्या वाट्याचे 6,000 डॉलर: लहान धंद्याने राज्याराज्यांत उत्पन्न वाटत बसावं का?

कोथरूडची_एडिसनला

आमचा धंदा केवढा? तळघरात एक टेबल, दोन स्क्रीन आणि मी. दवाखान्यांच्या, दुकानांच्या वेबसाइट बनवते. कंपनी वगैरे नाही, शेड्यूल सी (एकट्याच्या धंद्याचा टॅक्स फॉर्म) भरते. गेल्या वर्षी 90,000 डॉलरची बिलं झाली, खर्च जाता 60,000 उरले. त्यातलं 9,000 चं बिल सॅन होजेच्या एका दंतवैद्याचं. काम सगळं इथे न्यू जर्सीत, एडिसनला बसून केलं, कॅलिफोर्नियात पाऊलही टाकलं नाही. तरी आमचे सीपीए (इकडचे सीए) म्हणाले, बिलांतला दहावा हिस्सा तिकडचा, म्हणून नफ्यातलाही दहावा हिस्सा तिकडचा. 6,000 डॉलर कॅलिफोर्नियाचं उत्पन्न, 540एनआर भरा, म्हणजे राज्याबाहेरच्यांचं तिकडचं रिटर्न.

भरला. नवऱ्याचा पगार धरून घरात दीड लाखाच्या आसपास येतात, त्या दराने तिकडचा टॅक्स झाला साधारण 240. न्यू जर्सीने त्याचं क्रेडिट, म्हणजे आपल्या टॅक्समधून सूट, दिलं 220. खिशातून जास्तीचे गेले 20 डॉलर, आणि या 20 डॉलरचा हिशेब करायची फी 275!

माझं म्हणणं एवढंच, की एका मर्यादेखालच्या धंद्याचं उत्पन्न जिथे माणूस बसून काम करतो तिथलंच धरावं. वाटण्या मोठ्या कंपन्यांनी करत बसाव्यात.

आकडेमोड

मी याच कामात आहे, त्यामुळे मी फीच्या बाजूने बोलणार हे आधीच धरून चाला :)

ताई, "जिथे बसून काम करतो तिथलं उत्पन्न" हे ऐकायला सरळ वाटतं. पण मग लॅपटॉपवर पोट असलेला प्रत्येक जण नेव्हाडात, जिथे राज्याचा इन्कम टॅक्सच नाही, जाऊन बसेल आणि गिऱ्हाइकाच्या राज्याच्या हाती भोपळा. राज्याराज्यांत नफा वाटायचं जुनं सूत्र 1957 च्या नमुना कायद्यातलं. मालमत्ता, पगार आणि विक्री, तिघांना सारखं वजन. ते गिरण्या-कारखान्यांच्या काळाला शोभणारं होतं. आयोवाने फक्त विक्री धरली, त्यावर कोर्टबाजी झाली आणि 1978 मध्ये सुप्रीम कोर्टाने आयोवाचं सूत्र चालू दिलं. मग एकेक राज्य त्याच वाटेने गेलं. 2013 पासून कॅलिफोर्नियाने बहुतेक धंद्यांना फक्त विक्रीचा निकष लावला, आणि सेवा असेल तर तिचा लाभ कुठे मिळाला ते बघायचं. तुमच्यासारखीच केस 2019 मध्ये तिथल्या टॅक्स अपिलात आली होती. अ‍ॅरिझोनात राहणारा पटकथालेखक, लिहिलं सगळं घरी बसून, पैसे देणाऱ्या कंपन्या कॅलिफोर्नियातल्या. हरला.

आणि मला त्यात गैर दिसत नाही. त्या दंतवैद्याकडे पेशंट तिथले, त्याचा पैसा तिथला. उद्या त्याने बिल बुडवलं तर दाद मागायला तुम्ही तिथल्याच कोर्टात जाणार ना?

कोथरूडची_एडिसनला

9,000 साठी मी सॅन होजेच्या कोर्टात जाईन? तीन ईमेल करीन आणि सोडून देईन. आपल्याकडच्या कुठल्याही लहान धंदेवाल्याला विचारा.

बरं, गिऱ्हाईक जिथे तिथलं उत्पन्न, हे मानलं. मग माझी 20,000 ची बिलं मॅनहॅटनमधली आहेत, नदीपलीकडे, गच्चीवरून दिवे दिसतील इतकी जवळ. तिथे मात्र सीपीए म्हणतात काही भरू नका, कारण न्यूयॉर्क एकट्या धंदेवाल्याच्या बाबतीत धंदा त्यांच्या हद्दीत चालतो का ते बघतं. म्हणजे 30 मैलांवरचं गिऱ्हाईक बाहेरचं आणि 3,000 मैलांवरचं आतलं. यात कुठलं तत्त्व आहे ते सांगा.

आकडेमोड

तत्त्व नाही, हे मान्य. प्रत्येक राज्य आपल्या सोयीचं मोजमाप धरतं. पण मोजमापं जुळत नाहीत ही तक्रार वेगळी आणि लहानांना सोडा ही वेगळी.

मीठभाकर

मी दिवाळीचा फराळ विकते, न्यू जर्सीतूनच. गेल्या वर्षी चकलीचे 140 डबे कॅलिफोर्नियाला कुरियरने गेले आणि तिथला इन्कम टॅक्स शून्य. कारण 1959 चा एक केंद्रीय कायदा, पब्लिक लॉ 86-272. वस्तू विकत असाल, तिथे फक्त ऑर्डरी मागत असाल, आणि ऑर्डर मंजूर होऊन माल बाहेरून जात असेल, तर ते राज्य नफ्यावर कर लावू शकत नाही. चकलीला संरक्षण, वेबसाइटला नाही! 1959 मध्ये वेबसाइट कुणाच्या स्वप्नात होती?

फक्त माल तिकडच्या गोदामात ठेवला की हे कवच जातं. त्यामुळे मी डबे घरूनच पाठवते. पेनसिल्व्हेनियात अ‍ॅमेझॉनच्या गोदामांत माल असलेल्या बाहेरच्या विक्रेत्यांवरून कोर्टात प्रकरण गेलं होतं, 2022 मध्ये निकाल विक्रेत्यांच्या बाजूने लागला. पण दर वेळी कोर्टात जाणं चकल्या तळणाऱ्या बाईला परवडतं का?

नवा_जर्सीकर

पेनसिल्व्हेनिया आणि न्यू जर्सीचा तर करार आहे, एकमेकांकडे भरावं लागत नाही. तसाच कॅलिफोर्नियाशी करावा, मिटलं.

आकडेमोड

तो करार फक्त पगारासाठी. धंद्याच्या नफ्याला लागू नाही. दर वर्षी मार्चमध्ये कुणीतरी हे ऐकून माझ्यासमोर येऊन बसतं.

डॅलसकर

ताई, तुमचे 20 डॉलर गेले. मी टेक्सासचा, इथे वैयक्तिक इन्कम टॅक्सच नाही. मग क्रेडिट कशावर घेऊ? कॅलिफोर्नियाला दिलेला पै-पै माझ्या खिशातून जातो. तुमची लढाई फीची आहे, माझी खऱ्या पैशाची.

आकडेमोड

काका, घरच्या राज्याला शून्य आणि गिऱ्हाइकाच्या राज्यालाही शून्य, हा हिशेब फार सुरेख आहे. पण उरलेल्यांनी का सोसायचा?

डॅलसकर

माझा प्रॉपर्टी टॅक्स बघून जा एकदा, मग सुरेख म्हणा.

तिरकस

मुद्दा मर्यादेचा होता. सेल्स टॅक्सच्या बाबतीत 2018 च्या वेफेअर निकालात सुप्रीम कोर्टासमोर साउथ डकोटाचा जो कायदा होता, त्यात 1,00,000 डॉलर किंवा 200 व्यवहारांची रेघ होती. म्हणजे लहानांना सोडायची रीत आहे. कॅलिफोर्नियातही कंपनी "धंदा करते" असं म्हणायला 2011 पासून रेघ आहे: सुरुवातीला 5,00,000 डॉलर विक्री, पुढे महागाईप्रमाणे वाढत गेलेली, किंवा एकूण विक्रीच्या 25 टक्के. मौज अशी, की ती कंपन्यांसाठी. तळघरातल्या बाईला रेघ नाही, कारण तिचं ते वैयक्तिक उत्पन्न. मी ताईंच्या बाजूने.

आणि पुण्यात असतो तर हे डोकं चालवावंच लागलं नसतं. गिऱ्हाईक बंगळुरूचं असो की गुवाहाटीचं, इन्कम टॅक्स दिल्लीला. राज्याचा व्यवसाय कर वर्षाला फार तर 2,500 रुपये. (जीएसटीचं नाव काढू नका.)

आकडेमोड

रेघ आणायला माझीही हरकत नाही, पण ती कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने आणायची, आपण मनाने नाही. "इतकं लहान कोण बघतंय" म्हणत न भरणारे बघितले आहेत. दंतवैद्य 1099 (तुम्हाला किती पैसे दिले ते टॅक्सवाल्यांना कळवणारा फॉर्म) पाठवतोच. आणि रिटर्न भरलंच नसेल तर मुदत संपून प्रकरण जुनं होत नाही, ते उघडंच राहतं. क्रेडिटलाही हलकं लेखू नका. मेरीलँडचं एक जोडपं, कंपनीचं उत्पन्न 39 राज्यांत विभागलेलं, काउंटीच्या टॅक्सवर क्रेडिट मिळेना म्हणून सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि 2015 मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी जिंकलं. ते नसते गेले तर आज हिशेब 20 डॉलरवर थांबेलच याची खात्री नव्हती.

मीठभाकर

275 दंतवैद्याच्या बिलात लाव की गं!

कोथरूडची_एडिसनला

लावले होते. वेगळी ओळ टाकून, "राज्य कर कागदपत्रे, 275". त्याचा फोन आला, हे कसले? मी म्हटलं, तुमच्या राज्यात फॉर्म भरायचे. तो अगदी गोड आवाजात म्हणाला, फ्रेस्नोची एक मुलगी आहे, तिच्या बिलात ही ओळ नसते.

ओळ काढली.