छोटी जखमही नोंदवा

"बोटाला काटा लागला तर त्याची कसली नोंद करायची" असं मासेमारी बोटीवरच्या दुखापतींबद्दल कुणीतरी लिहिलंय. माझं मत उलट आहे. विंचमध्ये (जाळं ओढायच्या यंत्रात) हात अडकला तर बोटीवरचे सगळे धावत येतात, ती नोंद होतेच. राहून जातो तो काटा. मासे हाताळताना झालेल्या बारीक जखमेतून एरिसिपेलॉइडसारखा संसर्ग होतो: दोन-चार दिवसांनी बोट जांभळट-लाल होऊन सुजतं, ठणकतं. तोवर काटा कधी लागला हे कुणाला आठवत नाही, आणि मालक म्हणायला मोकळा की हे घरीच झालं असेल.

अमेरिकेत तर कायदाच आहे: मासेमारी बोटीवरच्या खलाशाने दुखापत किंवा आजार 7 दिवसांच्या आत कप्तानाला कळवायचा. आयएलओच्या (आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या) 2007 च्या 188 क्रमांकाच्या करारातही बोटीवरच्या अपघातांची नोंद आणि चौकशी यांची तरतूद आहे. (किती देशांनी तो मनावर घेतलाय, हा वेगळाच विषय.)

खरी अडचण वाट्याची. पकडीच्या हिश्शावर पैसे मिळत असतील तर "माझ्यामुळे बोट परत फिरायला नको" म्हणून माणूस कापडाची चिंधी गुंडाळतो आणि परत जाळं ओढायला लागतो. तांडेलाने (बोटीच्या प्रमुखाने) लॉगबुकात लिहिलं नाही तरी तारीख, वेळ, काय करत होतो, कोण शेजारी होतं एवढं स्वतःच्या वहीत उतरवा, आणि फोनवर जखमेचा फोटो काढा. शक्यतो हात धुण्याआधी नको, रक्तात काहीच दिसत नाही.