लेबर कॅम्पवर वाचनवर्ग: संस्थेची नोंदणी आधी की मुलांची चाचणी?

पाटीपेन्सिल:
नमस्कार मंडळी. वाघोलीच्या पुढे एका मोठ्या साईटच्या लेबर कॅम्पमध्ये ३ ते १४ वयाची साठेक मुलं आहेत. काही कुठल्याच शाळेत नाहीत, काहींची नावं अजून गावाकडच्या पटावर आहेत. घरी छत्तीसगढी, बंगाली, कन्नड, लमाणी बोलतात. बिल्डर पत्र्याची एक खोली देतोय. आम्ही चौघं जण दोन ताई मानधनावर ठेवून वर्ग चालवायचा विचार करतोय. ट्रस्ट करावा की सेक्शन ८ कंपनी (कंपनी कायद्याखालची ना-नफा संस्था)? एका ताईकडे किती मुलं द्यावीत? पालकांकडून थोडी फी घ्यावी का?

मुळाक्षर:
आधी चाचणी घ्या. मुलं साठ असली तरी वाचनाचे गट चार-पाचच पडतात आणि ताई किती लागतील ते त्यावरून ठरतं. 'प्रथम' या शिक्षणातल्या संस्थेच्या 'असर' सर्वेक्षणात २००५ पासून वापरतात ते साधन पुरेसं आहे: एका कागदावर अक्षरं, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. सुरुवात उताऱ्यापासून करा. सलग वाचला आणि चुका तीनपेक्षा जास्त झाल्या नाहीत, तर गोष्ट द्या. नाही जमला तर शब्दांवर या; पाचांपैकी चार आले की ती शब्द पातळी. तेही नाही आले तर अक्षरं, तिथेही पाचांपैकी चार.

प्रत्येक मुलाला एकटं बसवून घ्या. घोळक्यात घेतली की तिसऱ्या मुलापर्यंत उतारा पाठ झालेला असतो. उताऱ्याचे निदान तीन वेगळे नमुने हाताशी ठेवा.

तुमच्या कॅम्पवर भाषा जास्त घोळ घालेल. कन्नड सरळ वाचणारी दहा वर्षांची मुलगी मराठी कागदावर शून्य दिसते आणि अक्षरगटात जाऊन बसते. तिला वाचता येतं, फक्त देवनागरी येत नाही. तिला वेगळं धरा, ती फार लवकर पुढे जाईल. बंगाली वाचणाऱ्यांचंही तेच. हिंदी शाळेतून आलेल्यांची चाचणी आधी हिंदीत घ्या. ती मुलं मराठीत 'ळ' आणि 'ऱ्या'वर अडतात, 'चमचा' हिंदीच्या उच्चाराने म्हणतात. ही वाचनाची चूक धरायची नाही.

गट पातळीवरून करा, वयावरून नाही. एका ताईपुढे एका वेळी १५ ते २० मुलं, रोज दोन तास. अक्षरगटाला अ ते ज्ञ क्रमाने नेऊ नका. म, क, न, र, ल आणि काना एवढ्यावर पहिल्याच आठवड्यात काम, नाक, कान, माल असे ओळखीचे शब्द वाचून झाले पाहिजेत. बाराखडीचा तक्ता रोज दहा मिनिटं, बोट ठेवून, मोठ्याने. पहिली वेलांटी हमखास अडवते: ती अक्षराच्या आधी लिहिली जात असल्यामुळे मूल 'कविता'तली वेलांटी मागच्या 'क'ला लावून 'किवता' वाचतं. तोंडी सुधारून हे जात नाही. अक्षराची आणि वेलांटीची कार्डं वेगळी करून त्याच्याच हाताने जुळवायला लावा. तीस दिवस वर्ग भरला की पुन्हा चाचणी घ्या आणि गट नव्याने पाडा. हे पुन्हा गट पाडणं बहुतेक ठिकाणी राहून जातं, मग शब्द वाचायला लागलेलं मूल महिनाभर अक्षरंच गिरवत बसतं.

सहा वर्षांखालच्या मुलांची सोय पहिल्या दिवसापासून हवी. ती नसली तर धाकट्याला सांभाळणाऱ्या आठ-दहा वर्षांच्या मुली वर्गाला येत नाहीत, आणि सगळ्यात मागे त्याच पडलेल्या असतात. बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्यात ५० पेक्षा जास्त स्त्री कामगार असलेल्या जागी अशा मुलांसाठी खोलीची तरतूद होती. बिल्डरशी बोलताना तो मुद्दा जरूर काढा.

हिशेबवही:
नोंदणीचं सांगतो. सोसायटी करायची तर किमान सात सदस्य लागतात, तुम्ही चौघं आहात. ट्रस्ट १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात नोंदवावा लागतो, आणि पुढे एक विश्वस्त बदलला तरी तिथे चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. तो राहिला की बँकेपासून अनुदानापर्यंत सगळं अडतं. सेक्शन ८ मध्ये संचालक बदलणं सोपं, पण दरवर्षीच्या फाइलिंगसाठी सीएचा खर्च ठरलेला. लोक बदलत राहतील असं वाटत असेल तर माझं मत सेक्शन ८ ला.

मात्र नोंदणी झाली की सीएसआरचा (कंपन्यांच्या सामाजिक कामाच्या निधीचा) पैसा येईल, या हिशेबाने ताईंना नेमू नका. आयकराची १२ए (संस्थेला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला वजावट) ही नोंदणी आणि सीएसआर-१ हा कंपनी खात्याकडचा नोंदणी फॉर्म, हे तर लागतंच. त्याशिवाय कंपनीने स्वतः न काढलेल्या संस्थेला तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. नवी संस्था इथेच कोसळते: खोली असते, मुलं असतात आणि सातव्या महिन्यात मानधन थकतं. मानधन थकलं की ताई जाते, आणि ताई गेली की मुलं पांगतात. म्हणून पहिली तीन वर्षं जुन्या संस्थेचं केंद्र म्हणून चालवता येईल का ते आधी विचारा. 'डोअर स्टेप स्कूल' पुण्यात १९८९ पासून आहे आणि बांधकामाच्या साईटवरच्या मुलांसाठी काम करतं. स्वतंत्रच चालवायचं असेल तर सहा महिन्यांचं मानधन बँकेत पडल्याशिवाय नेमणूक नको.

८०जी मिळाल्यावर २,००० रुपयांवरची रोख देणगी घेऊ नका, देणगीदाराला त्यावर वजावट मिळत नाही. देणग्यांचं वार्षिक विवरण, म्हणजे फॉर्म १०बीडी, ३१ मेपर्यंत भरा.

फी घेऊ नका. आठवड्याच्या खर्चीवर (उचलीवर) चालणाऱ्या घरात फी ज्या आठवड्यात जमत नाही, त्या आठवड्यापासून मूल यायचं थांबतं.

खोलीचं पत्र लेखी घ्या: वीज, पाणी, मुलींसाठी कडी लागणारं शौचालय, आणि कॅम्प हलला तर खोली कुठे मिळणार. पत्र्याखाली जुन्या शटरिंग प्लायचं छत मारून मागा. उन्हाळ्यात त्याशिवाय बसवत नाही आणि पावसात पत्रा वाजला की ताईचा आवाज तिसऱ्या रांगेत पोचत नाही.

नगररोड:
वर दोघांनी वर्गाबद्दल नीट सांगितलंय, पण वर्ग शाळेच्या वेळेत ठेवला तर तोच शाळेला पर्याय होऊन बसतो. कॅम्पवर शाळा मिळते म्हटल्यावर आईबाप नाव घालायला जात नाहीत. वर्ग शाळा सुटल्यावर ठेवा. आयांना शिकवायचं असेल तर स्वयंपाक उरकल्यावर. फुले दांपत्याने १८५५ मध्ये पुण्यात कष्टकऱ्यांसाठी काढलेली शाळा रात्रशाळाच होती.

प्रवेशासाठी शिक्षण हक्क कायदा २००९ हाताशी ठेवा. वयाचा दाखला नाही किंवा टीसी आलेली नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही. आधारचंही तेच. दहा वर्षांचं मूल वयानुरूप वर्गात बसतं, मागे पडलेल्या अभ्यासासाठी विशेष प्रशिक्षणाची तरतूद आहे. वाघोली २०२१ मध्ये महापालिकेत आली, तेव्हा शाळेचा कारभार सध्या कोणाकडे आहे हे मुख्याध्यापकांना विचारून अर्जाचा मायना लिहा. जूनची वाट पाहू नका, प्रवेश वर्षभर मागता येतो.

खरी अडचण रस्त्याची. राज्याच्या नियमात प्राथमिक शाळा १ किलोमीटरच्या आत धरलेली आहे, पण मध्ये नगर रस्ता ओलांडायचा असेल तर आई पाठवत नाही, आणि तिचं बरोबर आहे. कॅम्पमधलीच एक बाई मानधनावर न्यायला-आणायला ठेवा. बजेटमध्ये ही ओळ पुस्तकांच्या वर लिहा.

पाटीपेन्सिल:
खूप आभार. एकच राहिलं, मुलं मध्येच दुसऱ्या साईटवर गेली तर?

नगररोड:
जातातच. साइट इंजिनिअरकडून कामाचं वेळापत्रक घ्या. स्लॅब संपले की सेंट्रिंगवाले हलतात, मग प्लास्टर-टाइल्सवाले येतात, म्हणजे अर्धा कॅम्प बदलतो. त्याच्या महिनाभर आधी प्रत्येक मुलाचं एक पानी कार्ड करा: वाचनाची पातळी आणि तारीख, शाळेचं नाव, युडायस प्लसवरचा (सरकारी शाळा-नोंदणीतला) पेन नंबर, म्हणजे विद्यार्थ्याचा कायमचा क्रमांक. शाळेकडून शिक्षण हमी कार्डही (स्थलांतर करणाऱ्या मुलांना पुढच्या शाळेत दाखवायला देतात ते) मागून घ्या. दोन्ही प्लास्टिकच्या पाकिटात घालून आईच्या हातात द्या, आणि पुढची साईट कोणती ते मुकादमाकडून लिहून घ्या. आईचा फोन बंद लागतो, मुकादमाचा लागतो.