मदत हवी आहे: ब्राम्सच्या चौथ्या सिंफनीत बासरीनंतर धागा सुटतो

दौऱ्यावर आलेल्या सिंफनी ऑर्केस्ट्राच्या मैफलीचं तिकीट मिळालंय. पूर्वार्धात संगीतकार मोझार्टची ४०वी सिंफनी (१७८८), मध्यंतरानंतर संगीतकार ब्राम्सची चौथी (१८८५). मोझार्टची चिंता नाही. पहिल्या भागातली मूळ धून परत येते ती जागा आता कानाला सापडते, आणि दर वेळी अंगावर काटा येतो.

अडतंय ते ब्राम्सच्या शेवटच्या भागात. आठ मापांची (माप म्हणजे ठरावीक मात्रांचा गट, 'बार') एकच धून आणि तिचे ३० अवतार (व्हेरिएशन्स), एवढं वाचून माहीत आहे. ट्रॉम्बोन (पितळी फुंकवाद्यं) अख्ख्या सिंफनीत इथेच पहिल्यांदा वाजतात, तेही कळतं. बाराव्या अवतारातल्या एकट्या बासरीपर्यंत मी बोटांवर नीट मोजत जातो. तिथे मापं लांबतात, आठाचा हिशेब चुकतो, आणि सोळाव्याला धून जोरात परतेपर्यंत मी हरवलेलाच असतो.

दोन वेगवेगळ्या ऑर्केस्ट्रांची रेकॉर्डिंग हेडफोन लावून ऐकली, हळू गतीनेही ऐकली. स्टाफ नोटेशन (पाश्चात्त्य स्वरलिपी) वाचता येत नाही, त्यामुळे 'स्कोअर (छापील स्वरलेखन) बघ' हा सल्ला नको. सभागृहात फोनही बंद असेल.

बासरीपासून सोळाव्यापर्यंत कान नेमका कशावर ठेवावा: खालच्या बास स्वरांवर, की दर आठ मापांनी बदलणाऱ्या वाद्यांवर?