मदत हवी आहे: बाबांच्या रिपोर्टात 'जेनेटिक म्युटेशन' निघालं, बहिणीची टेस्ट करायची का?

वऱ्हाडी_ठेचा
तातडीने सांगा कुणीतरी. बाबांचा रिपोर्ट आला, त्यात दोन म्युटेशन निघाले, टीपी५३ आणि सीडीकेएन२ए या जीन्समध्ये, दोन्हीपुढे पॅथोजेनिक (म्हणजे रोग करणारं) असं ठळक अक्षरात. बहिणीचं १४ तारखेला साक्षगंध आहे आणि होणाऱ्या व्याह्यांनी रिपोर्टचा फोटो पाहिला (कुणी दाखवला ते विचारू नका, डोकं फिरतं) आता ते म्हणतात पोरीचीपण टेस्ट करून घ्या. लॅबवाला म्हणतो घरातल्या पाच जणांची एकदम केली तर सूट देतो. करायची का? हो की नाही एवढंच सांगा, गुगल करून झालंय.

सुमे
कसला कॅन्सर? वय काय? स्टेज? काहीच लिहिलं नाही आणि वर हो की नाही सांगा म्हणे.

वऱ्हाडी_ठेचा
तोंडाचा हो ताई, दुसरा कोणता असणार. वय ५८.

डबलडेकर
गाठीची पी१६ टेस्ट केलीय का ते बघा आधी. पॉझिटिव्ह असेल तर एचपीव्ही व्हायरसचा, तो उपचाराला चांगला दाद देतो, काळजी नको.

ब्लॉक_नंबर_७
डबलडेकर, ते टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाच्या कॅन्सरला. गालाच्या किंवा हिरडीच्या कॅन्सरला पी१६ बघून तसं काही ठरत नाही. ठेचाभाऊ, गाठ तोंडात नेमकी कुठे? आणि रिपोर्टच्या पहिल्या पानावर 'स्पेसिमेन'पुढे काय लिहिलंय तेवढं टाका. बाकी नंतर.

चाळकरी
मुंबईला आणणार असाल तर दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, कॅन्सरच्या पेशंटसाठीच. परळला टाटा हॉस्पिटलात सकाळी लवकर पोचा, फाइल काढायलाच अर्धा दिवस जातो.

वऱ्हाडी_ठेचा
आम्ही नागपूरलाच दाखवतोय काका, ऑपरेशनची तारीखपण मिळाली. मी टेस्टचं विचारलं होतं.

लाल_डबा
ऑपरेशनची घाई नका करू. आमच्या शेजारच्या काकांना गव्हांकुराच्या रसाने सहा महिन्यांत फरक पडला. जीन्स वगैरे लॅबवाल्यांचे धंदे.

सुमे
लाल डबा, कृपा करा. तारीख मिळालेल्या माणसाला थांबायला सांगताय? ते काका आज कुठे आहेत?

लाल_डबा
वारले, पण हार्टने.

परदेशी_पाहुणा
टाटाची २०२२ ची ट्रायल वाचा. निवोलुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाचा फक्त २० मिलिग्रॅमचा डोस, नेहमीच्या गोळ्यांच्या जोडीला, तर वर्षभरानंतर हयात असलेले १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. तुमच्या डॉक्टरना विचारा.

सुमे
ती फिरून आलेल्या किंवा फार पुढे गेलेल्या केसेससाठी होती. यांचं पहिलंच ऑपरेशन व्हायचंय. आणि प्रश्न बहिणीचा आहे!

वऱ्हाडी_ठेचा
धन्यवाद ताई, एक तरी प्रश्न वाचणारं निघालं. गाठ डाव्या गालात, आतून, हिरडीला लागून. स्पेसिमेनपुढे लिहिलंय एफएफपीई ब्लॉक. खाली एका रकान्यात टीपी५३ पुढे ४३ टक्के आहे, ते किती वाईट?

ब्लॉक_नंबर_७
आता बोलता येईल. मी डॉक्टर नाही, पॅथॉलॉजीत ब्लॉक कापतो, हेच काम आहे माझं. एफएफपीई म्हणजे बायोप्सीत काढलेला गाठीचा तुकडा फॉर्मलीनमध्ये ठेवून मेणात बसवलेला. त्याचे आम्ही तीन-चार मायक्रॉनचे काप काढतो, कोमट पाण्यावर तरंगवतो आणि काचेवर उचलून घेतो, पंख्याचा वारा लागला तरी गुंडाळी होते. तुमच्या लॅबने डीएनए काढला तो त्या मेणातल्या तुकड्यातून. म्हणजे तपासली ती गाठ, तुमचं घराणं नव्हे. बाबा काय खायचे?

वऱ्हाडी_ठेचा
खर्रा, तंबाखू-सुपारीचा. पंचवीस-तीस वर्षं. सगळेच खातात इकडे.

ब्लॉक_नंबर_७
मग टीपी५३ निघालं यात नवल नाही. पेशीचा डीएनए बिघडला की वाढ थांबवणारा तो जीन, सीडीकेएन२ए पण ब्रेकच आहे. तंबाखूवाल्या गाठीत हे दोन्ही ब्रेक गेलेले असणं हे अगदी नेहमीचं चित्र, २०१५ साली अमेरिकेत तोंड-घशाच्या २७९ गाठी तपासल्या तेव्हा सिगरेटवाल्यांत जवळजवळ सगळीकडे हेच निघालं. आपल्याकडच्या गाल-हिरडीच्या गाठींवर टाटाच्या खारघरच्या संशोधन केंद्राने म्हणजे अ‍ॅक्ट्रेकने आणि कल्याणीच्या जीनोम संस्थेने (बंगालमधलं कल्याणी, आपलं कल्याण नव्हे) २०१३ साली काम छापलं, तिथेही टीपी५३ आहेच, वर फॅट१, कॅस्पेस८, नॉच१ हे जीन्स. हे बदल सहसा वर्षानुवर्षं गालात गोळी धरून त्या जागच्या पेशींत झालेले असतात, पोरांकडे जात नाहीत.

४३ टक्के म्हणजे त्या जागेच्या जितक्या प्रती वाचल्या त्यातल्या ४३ टक्क्यांत बदल दिसला. वाईट-चांगलं त्यावरून कळत नाही, आणि जन्मापासूनचा की नंतरचा हेही नुसत्या त्या आकड्यावरून छातीठोक सांगता येत नाही. शंका असेलच तर बाबांचं रक्त तपासतात, एकट्या बाबांचं. त्यांच्या रक्तात तो बदल नसेल तर तुमच्यात आणि बहिणीत शोधून काय मिळणार? पाच जणांची सूट लॅबवाल्यालाच ठेवू द्या. रक्ताची तरी गरज आहे का ते तुमचे ऑन्कॉलॉजिस्ट सांगतील, त्यांना विचारा.

सदाफुली
पण अगदीच नसतं असंही नाही ना. माझ्या मावसबहिणीच्या मुलाला २६ व्या वर्षी जिभेचा झाला, सुपारीसुद्धा नाही खाल्ली कधी, शेवटी फॅन्कोनी अ‍ॅनिमिया निघाला.

ब्लॉक_नंबर_७
बरोबर, तो जन्मजातच. कमी वय, व्यसन नाही, रक्ताच्या पेशी कमी, असं असेल तर डॉक्टर शोधतातच. ५८ वर्षांच्या खर्रेवाल्याची गोष्ट वेगळी.

चाळकरी
माझी आजी मिश्री लावायची, ९१ वर्षं जगली.

डबलडेकर
अशा एकाच आजीवर अख्खा महाराष्ट्र मिश्री लावतो. गुटखाबंदी २०१२ पासून आहे, आमच्या कोपऱ्यावर आजही मिळतो.

लाल_डबा
खर्ऱ्यात तंबाखूच वाईट, सुपारी पाचक असते.

सुमे
नुसती सुपारीसुद्धा कॅन्सर करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २००४ सालीच छापलंय. चला, मी थांबते.

वऱ्हाडी_ठेचा
आज डॉक्टरला भेटलो. ब्लॉक भाऊंनी सांगितलं तेच बोलले, रक्ताचीपण गरज नाही म्हणाले. लेटरहेडवर दोन ओळी लिहून मागितल्या, दिल्या, व्याह्यांना पाठवल्या. ते म्हणतात वाचलं, पण रिपोर्टात जेनेटिक लिहिलंय ना. आता काका जाऊन बसणार आहेत त्यांच्याकडे. लॅबवाल्याचा फोन उचलत नाही मी.

ब्लॉक_नंबर_७
बरं झालं. एक विचारतो, राग मानू नका. घरात अजून कोण खातं?

वऱ्हाडी_ठेचा
मीच. दिवसाला दोन पुड्या. बाबांचं निघाल्यापासून एक.

ब्लॉक_नंबर_७
आरशासमोर उभे राहा. तोंड पूर्ण उघडा आणि तीन बोटं एकावर एक, उभी, दातांच्या मधे घालून बघा. जातात का?

वऱ्हाडी_ठेचा
दोन जातात. तिसरं तिरकं केलं तर जातं.

ब्लॉक_नंबर_७
तिरकं नाही करायचं, तिन्ही उभीच जायला हवीत. तिखट लागल्यावर आग होते का?

वऱ्हाडी_ठेचा
होते. वर्षभर झालं ठेचा बंद आहे माझा.

ब्लॉक_नंबर_७
उद्याच तोंड दाखवून या, सरकारी डेंटल कॉलेजात. साक्षगंधाच्या आधी.