शालेय आणि प्रादेशिक टेनिस स्पर्धांत आता काही अर्थ उरला आहे का?

धागाकर्ता:
परवा पालकसभेत एकांनी सांगितलं, "शाळेच्या संघात वेळ घालवू नका, रँकिंगचे गुण मिळतात तिथेच मुलांना पाठवा." मला हे अजिबात पटलं नाही. टेनिसमधले मोठे बदल अनेकदा विम्बल्डनच्या आधी दुसरीकडेच झाले आहेत. डब्लिनच्या आयरिश स्पर्धेत १८७९ सालीच महिला एकेरी खेळली गेली, विम्बल्डनला त्यासाठी १८८४ उजाडलं. हौशी आणि व्यावसायिक खेळाडूंना एकत्र खेळू देणारी पहिली स्पर्धा एप्रिल १९६८ मध्ये बोर्नमथला झाली. तिथे मार्क कॉक्स या हौशी खेळाडूने पांचो गोन्झालेससारख्या दिग्गजाला पाच सेटमध्ये हरवलं! लहान स्पर्धा म्हणजे दुय्यम, हे कुणी ठरवलं?

पालक:
इतिहास सांगायचा तर पूर्ण सांगा. याच स्थानिक स्पर्धांनी कित्येक मुलांना दाराबाहेर ठेवलं. अमेरिकेतल्या रिचमंडमध्ये वाढलेल्या टेनिसपटू आर्थर अ‍ॅशला, तो कृष्णवर्णीय म्हणून, गोऱ्या मुलांच्या स्पर्धांत प्रवेश नव्हता. शाळेच्या शेवटच्या वर्षी त्याला घर सोडून सेंट लुईसला जावं लागलं. आणि विल्यम्स भगिनींना तर वडिलांनी १९९१ मध्ये ज्युनिअर स्पर्धांतून काढूनच घेतलं. त्यांचं काय अडलं? शनिवार-रविवार शाळेच्या सामन्यात गेले की माझ्या मुलीचा सराव बुडतो, तो कोण भरून देणार?

क्रीडाशिक्षक:
दारं बंद होती हे खरं, त्याची सारवासारव मी करणार नाही. पण अ‍ॅशची गोष्ट तुम्ही अर्ध्यावर सोडलीत. १९६१ मध्ये तो राष्ट्रीय आंतरशालेय स्पर्धा जिंकला, आणि सातच वर्षांनी यूएस ओपन. ज्यांना प्रवेश नव्हता त्यांनी १९१६ मध्ये अमेरिकन टेनिस असोसिएशन ही स्वतःची संघटना काढली, स्वतःच्या स्पर्धा भरवल्या. अल्थिया गिब्सन या कृष्णवर्णीय खेळाडूने तिथलं महिला एकेरीचं विजेतेपद १९४७ पासून सलग दहा वर्षं मिळवलं. लिंचबर्गच्या डॉ. रॉबर्ट वॉल्टर जॉन्सन यांनी घरच्या कोर्टावर गिब्सन आणि अ‍ॅश दोघांनाही घडवलं. म्हणजे लोकांनी स्पर्धा मोडीत काढल्या नाहीत, आपल्या उभ्या केल्या.

आता माझ्या संघाचं सांगतो. लढत २-२, शेवटची दुहेरी. आमच्यातल्या सगळ्यात कच्च्या मुलाची सर्व्हिस. पहिली नेटमध्ये. चौघं जाळीला चिकटून श्वास रोखून उभे. जोडीदार मागे गेला, रॅकेटला रॅकेट लावून फक्त "टाक" म्हणाला. दुसरी सर्व्हिस अगदी हळू, पण आत पडली. सामना आम्ही हरलो. तो मुलगा दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी सरावाला हजर होता. एकट्याने रँकिंगसाठी खेळताना त्याच्या मागे असं कोण उभं राहिलं असतं?

पालक:
दुहेरीचं पटलं. पण पहिल्याच फेरीत ६-०, ६-० असे सामने होतात, त्यात दोघांच्याही हाती काही लागत नाही. माझी मुलगी असे तीन सामने जिंकून आली आणि गाडीत गप्प बसून होती.

धागाकर्ता:
हे मात्र अगदी रास्त आहे. पहिल्या फेरीत हरलेल्यांचा वेगळा ड्रॉ, म्हणजे त्यांच्यातच सामन्यांची वेगळी मालिका ठेवली, तर प्रत्येकाला निदान दोन सामने मिळतील. आणि तुमच्या मुलीसारख्यांना थेट पुढच्या फेरीत घ्यावं. आयोजकांना दोन्ही गोष्टी मी लेखी कळवतो, तुम्हीही सही कराल का?